दगडापर्यंत

"वैनी, दगड वलांडू नगा," गुरलिंगभावजींनी आतून ओरडून सांगितलं, आणि मी उचललेलं पाऊल मागं घेतलं.

आत माझा नवरा पडला होता. पानं खुडताना शिडीचा एक पाय मऊ मातीत रुतला, शिडी कलली आणि ते पाठीवर आपटले. वेलांच्या खालून मला त्यांचा फक्त एक हात दिसत होता. अंगठ्यावर पान खुडायची लोखंडी नखी तशीच होती. भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन मी ताटीबाहेर उभी राहिले. त्यांना उचलून बाहेर आणेपर्यंत उभीच होते. बुट्टी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

आमचं घर पानमळ्याचं. मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या शिवेलगत गाव. अर्धा एकर मळा आणि थोडी ज्वारीची जमीन, एवढ्यावर घर चालायचं. खायच्या पानाचा वेल आमच्याकडे पिकात जमा नव्हता, देवात होता. मळ्यात चप्पल न्यायची नाही, थुंकायचं नाही, शिवी तोंडात आणायची नाही. गावातल्या इतर मळ्यांत बायका त्यांचे चार दिवस सोडून एरवी आत जात. आमच्या घराण्यात मात्र बाई कधीच नाही. मळ्याचं दार म्हणजे एक कुडाची ताटी, आणि तिच्या बाहेर एक काळा दगड होता. शेणखताच्या पाट्या बायकांनी त्या दगडापर्यंत वाहायच्या, पुढं पुरुषांनी न्यायच्या. जेवण दगडावर ठेवायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या दगडापर्यंत जात होते आणि तिथून परत फिरत होते.

पान घरी आलं की मात्र ते आमच्या हातात. सोप्यात बसून आम्हीच ते निवडायचो, लहानमोठं वेगळं करायचो, देठाला देठ लावून कवळ्या, म्हणजे पानांच्या जुड्या, रचायचो. शेंड्याचं पान कुठलं आणि बुडाचं कुठलं, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. "वेलावर हाय तवर देव, तुटलं की माल," असं माझे सासरे म्हणत. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीसुद्धा.

भर उन्हाळ्यातही त्या दगडाशी उभं राहिलं की आतला गारवा अंगावर यायचा. शेवरीच्या खोडांवर चढलेले वेल, खाली हिरवा अंधार, ओल्या मातीचा आणि पानाचा मिळून एक तिखट वास, आणि कुठूनतरी नखीचा टच टच आवाज. माणूस दिसायचा नाही, आवाज तेवढा पुढं सरकायचा. आमचे हे कुठल्या ओळीत आहेत ते मी त्या आवाजावरून ओळखायची.

डॉक्टरांनी सांगितलं, पाठीच्या मणक्याला मार आहे, वर्षभर शिडी नाही, वजन नाही. तो माघ महिना होता आणि उतरण तोंडावर आली होती. वर्षभरात वेल शेवरीच्या टोकाला जातो. मग त्याला हलक्या हातानं खाली घ्यायचं, उघडं पडलेलं खोड वळसा घालून मातीत निजवायचं आणि शेंडा पुन्हा शेवरीला बांधायचा. हिला उतरण म्हणतात. ती वेळेवर झाली तर वेल नवा होतो. नाही झाली तर पान बारीक पडत जातं, आणि बघता बघता मळा म्हातारा होतो.

उतरणीला दरवर्षी शेजारच्या गावातून माणसं यायची. त्या वर्षी ती आली नाहीत. काही द्राक्षबागांत गेली, काहींची पोरं कारखान्याला लागली. गुरलिंगभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते तीन गावं हिंडून आले आणि सोप्यात पाय पसरून बसले. म्हणाले, एकट्यानं मी किती वेल उतरवू? त्यापेक्षा उपटून ऊस लावू. ऊस लावला की पाणी सोडायचं आणि बांधावर बसायचं. माणूस वाईट नव्हता. दमला होता, एवढंच.

आमची कस्तुरी तेव्हा घरी होती. शेतीशाळेचा डिप्लोमा करून आली होती आणि तिला स्थळं बघणं चाललं होतं. काकाचं बोलणं ऐकून ती म्हणाली की, गल्लीतल्या बायका तयार आहेत. त्यांची द्राक्षाची थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करायचं काम, उरकत आली आहे, हात मोकळे आहेत आणि बारीक कामाची सवय आहे. शिवाय तिच्या शाळेतल्या सरांच्या ओळखीचा पुण्याचा एक व्यापारी होता. औषधाचे डाग नसलेलं स्वच्छ पान तो आठवड्याच्या आठवड्याला थेट घरातून उचलायला तयार होता. मधे दलाल नाही. अट एकच होती, नवं पान सुरू झालं की माल मधेच तुटता कामा नये.

"आणि ह्या बायका आत कशा जायच्या?" आप्पांनी विचारलं.

"पाय धुऊन," कस्तुरी म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. मळा म्हणजे तुझ्या शाळेची बाग नव्हे, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. पण कस्तुरीनं मळ्याचा ध्यास घेतला होता. मला भांडी घासताना सांगायची, आई, हा मळा गेला तर ह्या घरात पुन्हा मळा होणार नाही. स्थळं येऊ देत, मी बघते, पण आधी ही एक उतरण पार पडू दे. उतरण झाली की बाबांना धीर येईल.

आतल्या खोलीत ह्यांना पडल्यापडल्या सगळं ऐकू यायचं. पडल्यापासून त्यांनी नखी उशाखाली ठेवली होती.

तिनं आप्पांशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या सातआठ बायका दुपारच्या अंगणात जमायला लागल्या. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या पिळून कस्तुरीनं दोर केले होते. ते अंगणातल्या खांबांना वेलासारखे बांधून वरून सोडवायचे, वळसा घालून खाली निजवायचे आणि पुन्हा लव्हाळ्यानं बांधायचे, असा त्यांचा खेळ चालायचा. हसणं-खिदळणं तर विचारू नका. एकजण म्हणाली, माझ्या सासूचं लुगडं आहे हे, मेल्यावर तरी माझ्या हाताखाली आलं.

आप्पा सोप्यातून बघायचे. पहिल्या दिवशी, बायकांस्नी लुगडी जड झाल्यात काय, असं म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी आत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी काठी आपटत अंगणात आले आणि कस्तुरीच्या हातातला दोर काढून घेतला.

"उलटा वळसा घालायलीस. अशानं मान मोडंल त्याची," ते म्हणाले. "वेल ज्या बाजूनं चढलाय त्याच बाजूनं खाली आला पायजे. हे बघ."

आणि खाली बसून त्यांनी त्या लुगड्याच्या दोराला असं अलगद निजवलं, की बायका आपापले दोर सोडून भोवती जमल्या. मग त्यांनी एकेकीकडून करून घेतलं. चुकलं की काठीनं जमिनीवर टकटक करायचे. जिचं जमलं तिला काही बोलायचे नाहीत, पुढच्या बाईकडं सरकायचे. मी चौकटीत उभी राहून बघत होते. आत जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गप ऱ्हा, कुणी बोलू नगा, त्येंचं त्येंनाच येऊ दे.

आता आप्पांच्या पानाबद्दल सांगायला हवं. आप्पा दुसऱ्या मळ्याचं पान तोंडात घालत नसत. लग्नाला गेले तरी स्वतःची दोन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून कंबरेला लावत, आणि यजमानानं पुढं केलेल्या विड्यातली सुपारी तेवढी घेत. पानही कसं तर कोवळं हवं, तिखट हवं, पण जीभ जाळणारं नको. असं पान निवडून आणणं हे ह्यांचं काम होतं. हे पडल्यापासून ती जबाबदारी गुरलिंगभावजींकडं आली. मळ्यातली खुडणी थांबली होती, पानं वेलावरच जून झाली होती. तरी आप्पांच्या तबकात रोज कोवळं पान असायचं. "आता कुठं तुला पान कळाय लागलं," असं आप्पा एकदा भावजींना म्हणाले. भावजी मान डोलावून हसले.

त्या तिसऱ्या दिवशी बायका गेल्यावर आप्पा खुशीत जेवले. भाकरी आणखी मागून घेतली. मग भिंतीला टेकून तबक ओढलं, पानाच्या शिरा काढल्या, चुना लावला आणि विडा गालात धरून कस्तुरीला म्हणाले, "हात बरा हाय तुझा. तुझ्या बाच्या, रेवाप्पाच्या वळणावर गेलाय."

ती त्यांच्यासमोर बसली होती. म्हणाली, मग आप्पा, ताटी उघडाल?

आप्पांनी विडा ह्या गालातून त्या गालात घेतला. भावजी जेवायचे थांबले.

"हे बघ," आप्पा म्हणाले. "बाईच्या हातानं वाढवलेलं पान रंगत न्हाई. माझ्या बानं मला सांगितलं, त्याच्या बानं त्याला. मी काय ह्ये घरात बसून काढलेलं न्हाई. तसं पान मला कुणी रंगवून दाखवलं, तर उद्या सकाळी मी सोता ताटी उघडतो. शब्द हाय माझा."

हे बोलताना ते चक्क हसत होते. मला आजही वाटतं की ते वाट शोधत होते. आणखी दोनचार दिवस अंगणात लुगड्यांना वळसे घालू दिले असते, तर आपण होऊन ते कुठल्यातरी आडवाटेनं हो म्हणाले असते. मी चुलीजवळून कस्तुरीला डोळ्यांनी खुणावलं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"आप्पा, आरसा आणू?" ती म्हणाली.

"कशाला?"

"ओठ बघा तुमचे. रंगलंय."

आमच्या न्हाणीच्या मागं तुपाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक वेल होता. काही वर्षांपूर्वी बाहेर फेकलेल्या कचऱ्यातलं एक कांडं मी त्यात खोचलं होतं. उतरण झाली की मळ्याला दोन महिने पान नसतं, आणि त्या दोन महिन्यांत पानावाचून आप्पांची जी तगमग व्हायची ती मला बघवत नसे. न्हाणीच्या पाण्यावर तो वेल पलीकडच्या शेवग्यावर चढला. तिकडं बायकांची आंघोळ, पुरुष माणूस फिरकायचा नाही. उतरणीच्या दिवसांत हे त्या वेलाचं पान आप्पांना द्यायचे आणि म्हणायचे, एका कोपऱ्यातला वेल राखलाय. आता हे पडल्यापासून मीच रोज ते तबकात ठेवत होते. हे सगळं कस्तुरीनं आप्पांना सांगितलं. हसत सांगितलं. जिंकल्यासारखी.

आप्पांनी आधी भावजींकडं पाहिलं. "तू आणत न्हवतास?"

भावजी म्हणाले, "मला वाटलं, मी आणतो त्यातलंच वैनी निवडून ठेवत्यात." त्यांचे कान लाल झाले होते.

"कुठं हाय वेल?"

मी पुढं, आप्पा मागं, असे आम्ही न्हाणीच्या मागं गेलो. त्या घरात जन्म काढून त्या जागी ते पहिल्यांदाच आले असतील. शेवगा वरपर्यंत हिरवा झाला होता. आप्पा खाली वाकले, बुडाची माती बोटानं बाजूला केली आणि आतला वळसा चाचपला.

"उतरण कुणी केली ह्येची?"

"मीच, आप्पा."

"शिकवलं कुणी?"

"ह्यांनी. दोरीवर."

त्यांनी माती पुन्हा सारखी केली, हलकेच दाबली. "चांगली केलीयास," ते म्हणाले. माझ्या लग्नानंतर त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. कस्तुरीनं माझा हात दाबला.

मग आप्पा अंगणात गेले, तोंडातला विडा काढून टाकला आणि हातात तांब्या घेऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते. तांब्या पालथा ठेवून त्यांनी भावजींना हाक मारली.

"गुरलिंगा, उसाचं बेणं बघ."

कस्तुरीला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही शब्द दिलाय ताटी उघडायचा."

"उघडतो की. उद्याच उघडतो," आप्पा म्हणाले. "मळाच न्हाई म्हटल्यावर ताटी कशाला पायजे?"

आतून ह्यांचा आवाज आला. पडल्यापासून पहिल्यांदा एवढा मोठा आवाज. "आप्पा, पोरीचं ऐका."

आप्पा चौकटीपर्यंत गेले. आत पाऊल टाकलं नाही. "रेवाप्पा," ते म्हणाले, "देवाची कळा तू बायकांस्नी दोरीवर शिकवलीस. आता पाठ मोडली तर मळ्याला बोल लावू नगोस."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावात गेलं. बायकोला वेल शिकवला म्हणून शिडी घसरली, असं लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत होते. शिडीच्या पायाखाली माती मऊ होती, हे कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी स्वतःच्या हातानं ताटी काढली. शब्द पाळला. मळा उपटायला तेच सातआठ हात मोकळे होते, बायका विचारायलाही आल्या. पण उपटायलासुद्धा त्यांना आत घेतलं नाही. भावजी, त्यांचे दोन मेहुणे आणि कुणीतरी परगावचे गडी, असे पुरुषच राबले. शेवरी तोडल्या, वेल ओढून काढले आणि ढीग आणून टाकला तो दगडाच्या बाहेर. आमच्या बाजूला. मी वेल पहिल्यांदा अखंड पाहिला तो असा, शेंड्यापासून मुळापर्यंत, उन्हात मऊ पडत चाललेला. कस्तुरी ढिगापाशी बसली. एक वेल मोकळा केला, ज्या बाजूनं चढला असेल त्या बाजूनं त्याला नीट वळसा घातला आणि तो तसाच ठेवून उठली.

न्हाणीमागचा डबा मी काढला नाही, पण त्याला पाणीही घातलं नाही. आप्पांनी पुन्हा पान खाल्लं नाही. जेवण झालं की रिकामं तबक ओढायचे, सुपारी कातरायचे आणि ती हातातच ठेवायचे.

कस्तुरीचं लग्न इचलकरंजीला झालं. जावई चांगले आहेत. ती दिवाळीला येते, चार दिवस राहते, शेताकडं जात नाही. हे काठी घेऊन चालायला लागले, पण उसात त्यांनी कधी पाय ठेवला नाही. आधी आप्पा गेले, मग हे, मग भावजी. ह्यांच्या उशाखालची नखी माझ्या ट्रंकेत आहे.

उसानं सुरुवातीला चांगलं दिलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला दूरदृष्टी होती. मग पाणी सोडायचं आणि बांधावर बसायचं, हे इतकं वाढत गेलं की जमिनीनं पाणी पिणं सोडलं. आधी एका कोपऱ्यात पांढरं फुटलं. मग ऊस गुडघ्याएवढाच राहायला लागला, मग उगवायचाच बंद झाला. ओढ्यापलीकडच्या एका घरानं, आमचा मळा गेला त्याच वर्षी, बायकांच्या हातात उतरण दिली होती. त्यांचा मळा अजून आहे. बायकाच पान खुडतात, बायकाच उतरण करतात, आणि दर आठवड्याला दारातून पुण्याची गाडी जाते. रस्त्यानं जाताना तो गारवा लागतो. मी चालणं थांबवत नाही.

परवा भावजींचा मुलगा मल्लेश घरी आला. म्हणाला, काकी, जमीन दुरुस्तीची एक योजना आली आहे. खालून निचऱ्याच्या नळ्या टाकायच्या. शेतकरी बाई असेल तर नंबर लवकर लागतो म्हणतात, आणि उताऱ्यावर काकांच्या मागं तुझं नाव लागलंच आहे. साहेब लोक बघायला येणार आहेत. तू फक्त रानात उभी राहा, फोटो काढायचाय.

मी विचारलं, उभी राहू म्हणजे नक्की कुठं?

"रानात ग. आपल्या मळ्यात." तो अजून मळाच म्हणतो. त्यानं मळा पाहिलेला नाही.

गाडीवर बसवून त्यानं मला नेलं. दगड तिथंच आहे. अर्धा मातीत गेला आहे, पण आहे. पलीकडं नजर जाईल तिथवर पांढरं, मधूनमधून काटेरी झुडपं. ताटी होती तिथं एक मुलगी गळ्यात कॅमेरा घेऊन उभी होती. कस्तुरी त्या वर्षी होती तेवढीच. दगडापाशी मी वाकले आणि चप्पल काढायला लागले.

"राहू दे काकी, चप्पल घालूनच ये," मल्लेश म्हणाला. "खाली मीठ हाय. पाय फुटतील."

मी पायात चप्पल पुन्हा सरकवली आणि दगड ओलांडला. मीठ पायाखाली करकरत होतं. दोन पावलं जाऊन मी थांबले. दगडाच्या आत थांबायची मला सवय नव्हती, पण पुढं जायचीही नव्हती.

"आजी, छान," ती मुलगी म्हणाली. "आता जरा आत या. अजून आत."

मी तिला विचारलं, "कुठपर्यंत?"